साडेतीन हजार पानं आणि चार रंगांच्या चिठ्ठ्या

१९९७ साली सिंगापूरमधल्या एका मोठ्या बँकेचं कर्जविभागाचं सॉफ्टवेअर जेफ डी लुका या ऑस्ट्रेलियन प्रकल्पप्रमुखाच्या हाती आलं, तेव्हा त्या कामावर दोन वर्षं खर्ची पडलेली होती. आधीच्या नामांकित सल्लागार कंपनीने हे काम होण्यासारखं नाही असा शेरा मारून अंग काढून घेतलं होतं. तिने मागे ठेवली होती यूज केसची, म्हणजे वापरणारा प्रणालीकडून काय करून घेतो त्याच्या वर्णनांची, साडेतीन हजार पानं आणि शेकडो क्लासेसचं एक भलंमोठं ऑब्जेक्ट मॉडेल. त्या मॉडेलमध्ये माहितीचे रकाने हजारो होते, पण त्या माहितीचं करायचं काय हे एकाही क्लासमध्ये लिहिलेलं नव्हतं. कोडची ओळ तर एकही नव्हती.

अशा वेळी नवा माणूस साधारणपणे काय करेल? आकृत्या केराच्या टोपलीत टाकेल आणि पोरांना कीबोर्डवर बसवेल. तीन-चार वर्षांनी जगभरात हेच करायची लाट आली. डी लुका यांनी मात्र पुन्हा मॉडेलच काढायला घेतलं आणि त्यासाठी पीटर कोड या ऑब्जेक्ट मॉडेलिंगच्या जाणकाराला बोलावलं.

फरक पडला तो काढायच्या पद्धतीत. बँकेतली कर्जाची माणसं आणि प्रोग्रामर एकाच खोलीत बसले. बँकेतल्या जाणत्याने आपल्या कामाचा एक तुकडा तोंडी समजावून सांगायचा, मग दोघा-तिघांच्या टोळ्यांनी त्याच तुकड्याचं मॉडेल आपापलं, वेगवेगळं काढायचं. सगळ्यांनी ती भिंतीवर मांडायची, एकमेकांच्या चुका काढायच्या आणि त्यातून एक घडवायचं. वापरायच्या त्या चार रंगांच्या चिठ्ठ्या. एखाद्या क्षणी घडणारी किंवा काही काळ चालणारी, आणि जिची नोंद ठेवावी लागते अशी गोष्ट गुलाबी: कर्जाचा अर्ज, मंजुरी, हप्त्याचा भरणा. माणूस, जागा, वस्तू हिरव्या. तोच माणूस ज्या भूमिकेत उभा राहतो ती पिवळी, कारण आज कर्जदार असलेला उद्या दुसऱ्याला जामीनदार असू शकतो. आणि कर्जयोजनेसारखं, एकदा लिहून ठेवायचं आणि पुन्हा पुन्हा वापरायचं वर्णन निळं. हे चार रंग एकदा डोक्यात बसले की आकृतीकडे लांबून पाहूनही चूक दिसते. दोन हिरव्या चिठ्ठ्या थेट जोडलेल्या दिसल्या की विचारायचं, यांच्यामधला गुलाबी व्यवहार कुठे गेला? बँकेतल्या माणसाला ऑब्जेक्ट म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी हा प्रश्न त्याला कळतो आणि त्याचं उत्तरही फक्त त्यालाच देता येतं.

एवढं झाल्यावर मॉडेलला आणखी घोटत बसायचं नाही. त्यातून ग्राहकाला अर्थ कळेल अशा छोट्या फीचर्सची यादी करायची. प्रत्येक फीचर दोन आठवड्यांच्या आत पुरं व्हायला हवं, नाहीतर त्याचे तुकडे पाडायचे. प्रगती मोजायचा हिशेबही ठरलेला: फीचर समजून घेतलं की एक टक्का, डिझाइन झालं की चाळीस, डिझाइनची तपासणी तीन, कोड पंचेचाळीस, कोडची तपासणी दहा आणि बिल्डमध्ये घातलं की उरलेला एक. डिझाइनला जवळजवळ कोडइतकंच वजन आहे, हे इथे मुद्दाम लक्षात घ्यावं. पन्नास माणसांच्या संघाने पंधरा महिन्यांत सुमारे दोन हजार फीचर्स उभी केली. या पद्धतीला पुढे फीचर ड्रिव्हन डेव्हलपमेंट, म्हणजे एफडीडी, हे नाव मिळालं आणि १९९९ साली कोड, डी लुका आणि एरिक लफेव्र यांच्या पुस्तकातल्या एका प्रकरणातून ती जगापुढे आली.

सॉफ्टवेअरच्या इतिहासात मॉडेलवाले आणि अ‍ॅजाइलवाले असे दोन तट होते आणि एकाने दुसऱ्याचा पाडाव केला, अशी गोष्ट आपल्याकडे सर्रास सांगितली जाते. कागदपत्रं तसं सांगत नाहीत. दोन्हीकडची माणसं बरीचशी तीच होती, आणि भांडण आकृती काढावी की नाही यावर नव्हतंच. ती कुणी काढायची आणि किती दिवस जपायची, एवढाच वाद होता.

हा वाद इतका चिघळला कसा, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या पुढाकाराने परिषद भरली आणि सॉफ्टवेअर बनवणं ही एक अभियांत्रिकी व्हायला हवी, असा विचार तिथे मांडला गेला. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात गरजा, विश्लेषण, डिझाइन, कोड, चाचणी अशा एकाखाली एक पायऱ्या काढून दाखवल्या. त्याच निबंधात त्यांनी लिहिलं होतं की नुसतं असं एका दिशेने गेलात तर धोका आहे, आणि शक्य असेल तर काम दोनदा करा. वाचणाऱ्यांनी आकृती उचलली आणि खालचा मजकूर सोडून दिला. आकृतीच्या ताकदीचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही! १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या कंत्राटदारांसाठी जे मानक काढलं, त्यात हीच पायऱ्यांची रीत सरकारी शिक्का घेऊन बसली. प्रत्येक पायरीला दस्तऐवज, प्रत्येक दस्तऐवजावर सही. सही झालेली आकृती बदलायची म्हणजे कंत्राट बदलायचं, त्यामुळे ती चुकीची ठरली तरी कोणी तिला हात लावेना.

याच काळात आकृत्यांचं पीक आलं. पीटर चेन यांचं एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल १९७६चं, टॉम डीमार्को यांच्या डेटा-फ्लो आकृत्या त्याच दशकाच्या शेवटच्या. मग ऑब्जेक्टचा जमाना आला आणि जो तो आपली पद्धत घेऊन उभा राहिला. १९९४च्या सुमारास अशा पद्धतींची संख्या पन्नासावर गेली होती. क्लास कसा काढायचा यावरही एकमत नव्हतं. रॅशनल कंपनीतले ग्रेडी बूच तुटक रेषेचा ढग काढत, जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनकेंद्रातले जेम्स रंबॉ चौकोन काढत, आणि स्वीडनमध्ये एरिक्सनच्या टेलिफोन एक्स्चेंजवर हात बसलेले इवार याकबसन यूज केसपासून सुरुवात करत. ऑक्टोबर १९९४ मध्ये रंबॉ रॅशनलमध्ये आले. वर्षभराने रॅशनलने याकबसन यांची कंपनीच विकत घेतली. एका छताखाली आलेल्या या तिघांना लोक थ्री अमीगोज म्हणू लागले. नोव्हेंबर १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने त्यांच्या एकत्रित भाषेला, यूएमएलला, मानक म्हणून मान्यता दिली. ढग गेला, चौकोन राहिला.

यूएमएल ही नुसती चिन्हांची भाषा होती. कोणती आकृती कधी काढायची याबद्दल तिचा काही आग्रह नव्हता. पण रॅशनलला रोज नावाचं अवजार विकायचं होतं, आणि १९९८ पासून रॅशनल युनिफाइड प्रोसेस नावाची जाडजूड कार्यपद्धतीही. या पद्धतीची उभारणी करणाऱ्यांत फिलिप क्रूश्तन प्रमुख होते. ती मुळात टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत करायची होती, हे त्यांनी कंठरवाने सांगितलं. घेणाऱ्यांनी तिच्यातले दस्तऐवजांचे साचे मोजले आणि सगळे भरायला घेतले. दोष पद्धतीचा की वापरणाऱ्यांचा, यावर वाद घालता येईल. माझ्या मते ज्या पद्धतीत साचे इतके असतात, तिने वापरणाऱ्यांना फार दोष देऊ नये.

दुसरीकडे, ऑरेगनमधल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीत केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम हे दोघे स्मॉलटॉक भाषेत काम करत होते. नवशिक्यांना ऑब्जेक्टची दृष्टी कशी द्यायची या विवंचनेतून त्यांनी एक युक्ती काढली आणि १९८९च्या ऊप्सला या ऑब्जेक्टविषयक परिषदेत मांडली. एका साध्या इंडेक्स कार्डावर वर क्लासचं नाव, डावीकडे त्याची जबाबदारी, उजवीकडे त्याला ज्यांची मदत लागते ते इतर क्लास. बस. कार्ड हातात धरून माणसाने उभं राहायचं आणि मी अमुक क्लास, मला तू माहिती दे, असं बोलत प्रसंग चालवून पाहायचा. जवळचे क्लास टेबलावर जवळ ठेवायचे. कार्डावर जागा पुरेनाशी झाली तर क्लास फार करतोय असं समजायचं आणि त्याचं काम वाटून द्यायचं. हे मॉडेलिंगच आहे, आणि तेही अस्सल. फक्त सायंकाळी कार्डं रबर लावून खणात टाकली तरी कोणाचं काही बिघडत नाही.

याच बेक यांना मार्च १९९६ मध्ये क्रायस्लर या मोटार कंपनीने आपल्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर घेतलं. सी-थ्री या नावाने तो ओळखला जातो. ८७ हजार कर्मचाऱ्यांचा पगार एका प्रणालीतून काढायचा होता आणि काम अडलं होतं. बेक यांनी रॉन जेफ्रीज यांना सोबत घेऊन एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगच्या बहुतेक रिती इथे घडवल्या: दोघांनी मिळून एका यंत्रावर कोड लिहायचा, चाचणी आधी लिहायची, ग्राहक संघातच बसवायचा. मोठ्या आकृत्या नव्हत्या, पण संपूर्ण प्रणालीचं एक चित्र सगळ्यांच्या डोक्यात होतं. पगार म्हणजे जणू कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकणारी मोटार आहे, एकेका ठाण्यावर त्यात तास, कपात, कर असे भाग बसत जातात, असं हे कल्पनाचित्र होतं. मोटार कंपनीतल्या माणसाला ते समजावून सांगावं लागलं नाही. मे १९९७ मध्ये सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचा पगार या प्रणालीतून निघाला. बाकीच्यांची पाळी आलीच नाही. फेब्रुवारी २००० मध्ये, क्रायस्लर डाइमलरमध्ये विलीन झाल्यानंतर, प्रकल्प बंद करण्यात आला. तोवर बेक यांचं पुस्तक बाजारात येऊन गाजूही लागलं होतं. ज्या प्रकल्पातून एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग जन्मलं तोच अर्धवट राहिला, ही गोष्ट विरोधकांनी पुढे वर्षानुवर्षं उगाळली.

फेब्रुवारी २००१च्या ११ ते १३ तारखांना युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फातल्या विश्रामस्थळी सतराजण जमले. तोपर्यंत या सगळ्या पद्धतींना हलक्या म्हणत आणि ते कोणालाच फारसं आवडत नव्हतं. तिथे अ‍ॅजाइल हे नाव ठरलं आणि एक छोटा जाहीरनामाही निघाला. मार्टिन फाउलर या इंग्रज गृहस्थांची नावावर एकच शंका होती, की बहुतेक अमेरिकनांना हा शब्द उच्चारता येणार नाही. जाहीरनाम्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरला सविस्तर दस्तऐवजांपेक्षा वरचं स्थान दिलं गेलं, आणि आकृत्या संपल्या असा अर्थ जगाने त्यातून काढला.

आता त्या सतराजणांकडे पाहा. रॉबर्ट मार्टिन यांचं १९९५चं पुस्तक बूच यांच्या पद्धतीने सी प्लस प्लसमध्ये डिझाइन कसं करावं यावर होतं. फाउलर यांनी १९९७ मध्ये यूएमएलवर लिहिलेली आटोपशीर पुस्तिका त्या भाषेवरच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी. अ‍ॅलिस्टर कोबर्न यूज केसचे तज्ज्ञ. बेक आणि कनिंगहॅम कार्डवाले. जॉन कर्न हे पीटर कोड यांच्या टुगेदरसॉफ्ट कंपनीतले, आकृती आणि कोड एकाच वेळी बदलत ठेवणारं अवजार बनवणाऱ्या गोटातले. आणि स्टीव्हन मेलर तर मॉडेलच थेट चालवता यावं, कोड हाताने लिहूच नये, अशा मताचे. त्यांचं एक्झिक्युटेबल यूएमएलवरचं पुस्तक जाहीरनाम्यावर सही केल्यानंतर वर्षभराने निघालं. जिम हायस्मिथ यांनी या बैठकीची जी हकिगत लिहिली, तिच्यात मॉडेलिंग आम्हाला मान्य आहे, पण कंपनीच्या धूळ खाणाऱ्या कपाटात आकृत्या फाइल करण्यासाठी नव्हे, असं स्वच्छ म्हटलेलं आहे. जाहीरनामा चार ओळींचा होता, तो भिंतीवर लागला. ही हकिगत वाचायला फारसं कोणी थांबलं नाही. रॉइस यांचं झालं होतं तेच इथेही झालं, फक्त उलट बाजूने.

अ‍ॅजाइलमध्ये मॉडेलिंग करायचं कसं, ही पोकळी पहिल्यांदा भरायला घेतली ती कॅनडातल्या स्कॉट अँब्लर यांनी. २००० सालच्या अखेरीस ते याला एक्स्ट्रीम मॉडेलिंग म्हणत, पुढच्या वर्षी वाऱ्याची दिशा पाहून अ‍ॅजाइल मॉडेलिंग म्हणू लागले, आणि २००२ मध्ये त्याच नावाचं पुस्तक आलं. त्यांचं सांगणं रोकडं आहे. आकृती काढण्याआधी ती कोणासाठी आणि कशासाठी ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर काढू नका. व्हाइटबोर्ड पुरत असेल तर अवजार उघडू नका. काम भागेल इतपतच नेटकी करा. कोड लिहून ती खरी की खोटी ते लगेच पाहा. काम झालं की पुसा, आणि जपून ठेवलीच असेल तर जुनी झाल्याने प्रत्यक्ष त्रास होईल तेव्हाच ती सुधारा. शेवटचा नियम ऐकून गुणवत्ता विभागातली माणसं अजूनही दचकतात. पण उरलेल्या शेकडो आकृत्या महिन्यागणिक अद्ययावत ठेवल्याचं सोंग आणण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे.

फाउलर यांनी आपल्या पुस्तिकेच्या २००३च्या आवृत्तीत आणखी एक उपयोगी वाटणी केली: यूएमएल कोणी कच्च्या रेखाटनासारखं वापरतं, कोणी बांधकामाच्या नकाशासारखं, तर कोणी थेट प्रोग्रामिंगची भाषा म्हणून. गंमत अशी की हीच वाटणी मेलर यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती, आणि फाउलर यांनी ते तिथेच नोंदवलंय. एक रेखाटनाचा पुरस्कर्ता, दुसरा चालत्या मॉडेलचा, आणि भांडणाचा नकाशा दोघांनी एकसारखाच काढला!

मधल्या नकाशावाल्यांचे मात्र दिवस भरत आले. २००२-०३च्या एकाच हिवाळ्यात आयबीएमने रॅशनल सुमारे २१० कोटी डॉलरना घेतली आणि बोरलँडने टुगेदरसॉफ्ट. २००५ साली आलेल्या यूएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत तेरा प्रकारच्या आकृत्या होत्या आणि तिच्या मुख्य ग्रंथाची पानं सातशेवर. ज्या वर्षांत कार्यालयांमधून साचे बाहेर फेकले जात होते, त्याच वर्षांत ही वाढ चाललेली होती.

बाजार जिंकला स्क्रमने. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांची ही चौकट स्प्रिंट नावाची कामाची फेरी, बैठका आणि भूमिका ठरवते. आकृती कधी, कोणी, कशाची काढायची याबद्दल ती मौन पाळते, कारण ते संघाने ठरवावं असं तिचं म्हणणं. दोन दिवसांत स्क्रम मास्टरचं प्रमाणपत्र मिळू लागलं. एफडीडीत पहिली पायरीच समग्र मॉडेल काढण्याची होती, ती करायला क्षेत्र समजणारा अनुभवी माणूस लागे, आणि असा माणूस दोन दिवसांत तयार होत नाही. म्हणून ती मागे पडली. सरस ठरून स्क्रम पुढे गेला असं मला वाटत नाही. तो शिकवायला सोपा होता.

मॉडेलिंग तेवढ्याने संपलं नाही, ते दुसऱ्या दाराने आत आलं. २००३ मध्ये एरिक एव्हान्स यांनी डोमेन ड्रिव्हन डिझाइन मांडलं: धंद्यातली माणसं आणि प्रोग्रामर यांनी एकच शब्दसंग्रह घडवायचा आणि तोच कोडमध्ये उतरवायचा. दहा वर्षांनी इटलीतल्या अल्बेर्तो ब्रांदोलिनी यांनी लांबलचक कागदावर नारिंगी चिठ्ठ्यांनी घटना मांडत जाण्याची इव्हेंट स्टॉर्मिंग ही रीत रुळवली. सिंगापूरच्या गुलाबी चिठ्ठ्यांची ही सख्खी नाही तरी चुलत बहीण नक्की.

आणि पुणे. टीसीएसची टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही संस्था फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये इथे उभी राहिली. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या केंद्रात विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि त्यांचे सहकारी मॉडेलमधून थेट कोड तयार करणाऱ्या मास्टरक्राफ्ट या अवजारावर वर्षानुवर्षं काम करत होते. इथला पेच अँब्लर यांच्या व्हाइटबोर्डपेक्षा वेगळा. माणसासाठी काढलेली आकृती अर्धी असली तरी चालते, समोरचा उरलेलं समजून घेतो. कोड बनवणारं यंत्र समजून घेत नाही. त्याला मॉडेल पुरं आणि आतून सुसंगत लागतं. दोन-तीन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये गरजा रोज हलत असताना असं मॉडेल आणायचं कुठून? ऑक्टोबर २०११ मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन इथे भरलेल्या मॉडेल्स परिषदेत कुलकर्णी, सौविक बरात आणि उदय रामतीर्थकर यांनी आपला अनुभव एका निबंधातून मांडला. स्क्रम आहे तसा इथे चालत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि मेटा-स्प्रिंट सुचवला: नेहमीच्या स्प्रिंटच्या बरोबरीने चालणारी एक वेगळी फेरी, जिच्यात कच्ची मॉडेलं नमुन्यादाखल उभी करून आधीच पारखून घ्यायची. डी लुका यांनी पहिल्याच पायरीला केलेलं काम इथे प्रत्येक फेरीला वाटून दिलेलं आहे. ज्यांच्या संघात स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी गरजांवरून वाद होतात आणि शेवटच्या दिवशी पुन्हा तेच वाद होतात, त्यांनी हा निबंध काढून वाचावा.